फ्रायडेचे खरे नाव काय होते?

मालेगाव तालुक्यातील एका गावात, बुद्ध विहाराला लागून असलेल्या खोलीत आम्ही अभ्यासिका चालवतो. पोलीस भरती, तलाठी, टीईटी अशा परीक्षांची तयारी करणारी मुले-मुली तिथे बसतात. सामान्य ज्ञानाची पुस्तके घोकून ती कंटाळली होती. म्हणून आम्ही ठरवले, महिन्यातून एक कादंबरी सगळ्यांनी वाचायची आणि आपले मत अर्ध्या पानावर लिहून द्यायचे. पहिले पुस्तक आम्ही निवडले असे म्हणता येणार नाही. कपाटात होते ते काढले: कुणीतरी देणगीत दिलेली, डॅनियल डिफोच्या 'रॉबिन्सन क्रूसो'ची संक्षिप्त मराठी आवृत्ती. एकच प्रत चौदा हातांतून फिरली आणि चौदा मते आली.

त्यातली अकरा जवळपास सारखीच. जिद्द, चिकाटी, आत्मविश्वास, स्वावलंबन. एकाने लिहिले, हा माणूस एकट्याने ओसाड बेटाचा स्वर्ग करू शकतो, तर मी पीएसआय का होऊ शकत नाही? दोघांना पुस्तक रटाळ वाटले, नुसत्या बकऱ्या आणि कुंपणे. चौदावे मत बी.ए.च्या पहिल्या वर्षाला असलेल्या एका मुलीचे होते. अर्धे पान सोडाच, एकच ओळ: "दादा, त्या फ्रायडेचं खरं नाव काय व्हतं?"

आम्हाला उत्तर देता आले नाही. घरी येऊन मूळ इंग्रजी कादंबरी मोबाइलवर उतरवून घेतली आणि चार रात्री बसून वाचली. उत्तर तिथेही नाही. क्रूसो त्या माणसाला नाव विचारतच नाही. आमचे म्हणणे असे आहे की चौदांपैकी हेच एक मत आपल्या वाचकाचे आहे. बाकीची अकरा मते मालकाची आहेत. ती आपल्या पोरांच्या हातून लिहिली गेली, याची आम्हाला काळजी वाटते.

ज्यांनी पुस्तक वाचलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. विशेषतः जे भाग आमच्या संक्षिप्त प्रतीतून गाळले आहेत ते. कादंबरी १७१९ साली लंडनमध्ये निघाली. क्रूसो म्हणजे बेटावरचा एकाकी माणूस, एवढेच आपल्याला ठाऊक असते. पण बेटावर येण्यापूर्वी तो स्वतः गुलाम होता. समुद्री चाच्यांनी त्याला पकडून मोरोक्कोच्या किनाऱ्यावर नेले, तिथे त्याने दोन वर्षे गुलामी केली. झुरी नावाच्या एका पोराला सोबत घेऊन तो होडीतून पळाला. पोराने वाटेत जिवाला जीव दिला. पुढे एका पोर्तुगीज कप्तानाने दोघांना जहाजावर घेतले, तेव्हा क्रूसोने काय केले? झुरीला साठ नाण्यांना त्या कप्तानाला विकले. दहा वर्षांत सोडून देईन, पण ख्रिस्ती झाला तर, अशी अट कप्तानाने घातली आणि क्रूसोचे मन शांत झाले. नंतर ब्राझीलमध्ये त्याने मळा घेतला तेव्हा त्याला झुरीला विकल्याचा पस्तावा होतो. पाप केले म्हणून नव्हे, कामाला हात कमी पडतात म्हणून!

आणि ज्या जहाजाच्या फुटण्याने तो बेटावर पोचला ते जहाज कुठे निघाले होते? आफ्रिकेच्या गिनी किनाऱ्यावर, मळेवाल्यांसाठी चोरून गुलाम आणायला. आमच्या संक्षिप्त प्रतीत त्या जागी 'व्यापारासाठी निघाला' एवढेच छापले आहे. एका शब्दात माणसांची खरेदी पुसून टाकली.

दोन वर्षे गुलामी भोगलेला माणूस गुलाम विकतो आणि गुलाम आणायला निघतो, हे वाचून युरोपातल्या वाचकाला कदाचित नवल वाटेल. आपल्याला वाटायला नको. बाबासाहेबांनी ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हटले ती हीच. वरच्याचा राग येतो, पण खाली कुणीतरी उरले आहे याचे समाधान त्या रागापेक्षा मोठे असते. गुलामीचा तिटकारा आणि मी गुलाम असण्याचा तिटकारा या दोन गोष्टी निराळ्या आहेत. क्रूसोला फक्त दुसरी ठाऊक होती. आपल्या आजूबाजूला, आपल्या पोटजातींच्या बैठकांमध्येसुद्धा, असे क्रूसो किती निघतील ते ज्याने त्याने मोजावे.

आता नावाकडे येऊ. बेटावर क्रूसोला पंचविसेक वर्षे झाल्यावर शेजारच्या मुलखातले लोक एका कैद्याला मारायला आणतात. क्रूसो बंदूक चालवून त्याला वाचवतो. वाचवले तो शुक्रवार, म्हणून याचे नाव फ्रायडे. मग तो त्याला शब्द शिकवतो. पहिला शब्द त्याचे हे नवे नाव. दुसरा शब्द 'मालक', आणि ते माझे नाव आहे असे क्रूसो त्याला सांगतो. त्यानंतर 'हो' आणि 'नाही'. हा क्रम नीट पाहा. नाही म्हणायला शिकण्यापूर्वी मालक म्हणायला शिकायचे.

मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात, एकतिसाव्या श्लोकात नावांचा कायदा आहे. ब्राह्मणाचे नाव मंगलसूचक, क्षत्रियाचे बळ दाखवणारे, वैश्याचे धन दाखवणारे आणि शूद्राचे किळस येईल असे. पुढच्याच श्लोकात शूद्राच्या नावाचा उत्तरार्ध चाकरी सुचवणारा असावा, अशी भर आहे. डिफोने मनुस्मृती वाचली असण्याचे कारण नाही, पण सत्ता कुठल्याही देशात गेली की पहिल्यांदा नावावर हात टाकते.

आमच्या आजोबांच्या पिढीत कचरू, उकिर्डा, दगडू, धोंडू अशी नावे घरोघर होती. प्रामाणिकपणे सांगायचे तर यातली काही नावे मूल जगावे, दृष्ट लागू नये म्हणून आईबापच ठेवत आणि ती इतर जातींतही सापडतात. सगळा दोष मनूच्या माथी मारून हा मुद्दा पक्का होणार नाही. पण जे चांगले नाव ठेवले तेही गावात टिकत नसे, हे तर खरे ना? आमच्या आजोबांचे नाव सखाराम. वाड्यावरचे दहा वर्षांचे पोर साठीच्या या म्हाताऱ्याला 'सख्या' म्हणून हाक मारी आणि आजोबा 'जी मालक' म्हणून उठत. फ्रायडेचा पहिला आणि दुसरा धडा, त्याच क्रमाने. ते पोर वाईट नव्हते, असे आजोबा शेवटपर्यंत सांगत. क्रूसोही वाईट नव्हता. फ्रायडेवर त्याचे प्रेम होते, त्याला कपडे शिवून दिले, पोटभर खायला दिले. मालक चांगला असला की मालकी चांगली ठरते का?

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात जे घडले त्याचे एक फळ लोकांच्या लक्षात येत नाही. त्यानंतर आपल्या वस्त्यांतल्या पाळण्यांवरची नावे बदलली. सिद्धार्थ, गौतम, राहुल, मिलिंद, यशोधरा, सुजाता, संघमित्रा. कचरूच्या पोटी आनंद आला. नाव ठेवण्याचा अधिकार लाखो माणसांनी एका पिढीत परत घेतला, तोही बंदूक न उचलता. म्हणून आमच्या त्या विद्यार्थिनीला हा प्रश्न सुचला असे आम्हाला वाटते. तिचे नाव तिच्या आजीने विहारात बसून निवडले होते. तिला नाव फुकट मिळत नाही हे ठाऊक आहे.

मूळ पुस्तक वाचताना आम्हाला एक जागा अशी सापडली की वाचता वाचता आम्ही उठून बसलो. क्रूसो फ्रायडेला ख्रिस्ती धर्म शिकवतो. देव सर्वशक्तिमान, सैतान त्याचा वैरी. फ्रायडे सरळ विचारतो, देव एवढा बलवान आहे तर सैतानाला मारून का टाकत नाही? क्रूसो ऐकू न आल्याचे सोंग करतो. फ्रायडे तोच प्रश्न पुन्हा विचारतो. क्रूसो त्याला काहीतरी निमित्त काढून कामाला पाठवतो. याच प्रकरणात फ्रायडे आपल्या देशातल्या पुजाऱ्यांबद्दल सांगतो की देवाशी बोलायचा हक्क फक्त म्हाताऱ्या पुजाऱ्यांना आहे, आणि क्रूसो त्यावर भटगिरीची टीका करतो. दुसऱ्याची भटगिरी त्याला लगेच दिसते. डिफोच्या मनात काय होते ते असो, त्या बेटावर बुद्धीने प्रश्न विचारणारा माणूस एकच आहे आणि तो मालक नाही.

याहून मोठी गोष्ट कादंबरीच्या बाहेर आहे. क्रूसोची कथा अलेक्झांडर सेल्कर्क या स्कॉटिश खलाशावरून सुचली, असे सगळे सांगतात. चिलीपासून दूर समुद्रात हुआन फर्नांदेझ नावाची बेटे आहेत. त्यातल्या एकावर तो १७०४ ते १७०९ अशी चार वर्षे चार महिने एकटा राहिला. पण त्याच्या वीस वर्षे आधी, त्याच बेटावर, मध्य अमेरिकेतील मिस्किटो जमातीचा एक आदिवासी माणूस १६८१ ते १६८४ अशी तीन वर्षांहून अधिक काळ एकटा राहिला होता. दारूगोळा संपल्यावर त्याने आपल्या चाकूला खाचे पाडून करवत केली, तिने बंदुकीची नळी कापली आणि त्या लोखंडाचे गळ, भाले आणि पाती बनवली. त्याला शोधणारे स्पॅनिश लोक त्याला पकडू शकले नाहीत. हे विल्यम डॅम्पियर या दर्यावर्दीने १६९७ च्या आपल्या पुस्तकात लिहून ठेवले आहे. त्या माणसाचे नाव काय? विल. म्हणजे इंग्रजांनी ठेवलेले. डॅम्पियर तर असेही लिहितो की या लोकांना आपसात नावेच नसतात आणि इंग्रजाने नाव दिले की ते उपकार मानतात. आपली नावे ते परक्याला सांगत नसतील, ही शंका त्याला आली नाही.

१९६६ मध्ये चिली सरकारने त्या बेटांची नावे बदलली. एक झाले रॉबिन्सन क्रूसो बेट, दुसरे अलेक्झांडर सेल्कर्क बेट. एक कल्पनेतला गोरा, एक खरा गोरा. तिसऱ्या लहान बेटाचे नाव सांता क्लारा. विल कुठेही नाही. कथेत मात्र विलसारखाच माणूस येतो, पण फ्रायडे बनून, नोकर म्हणून.

मोठ्या वाचकांनी या पुस्तकाबद्दल काय म्हटले तेही पाहण्यासारखे आहे. रूसोने १७६२ च्या 'एमिल'मध्ये आपल्या काल्पनिक शिष्याला सर्वांत आधी हेच एक पुस्तक द्यायचे ठरवले. अर्थशास्त्राचे लेखक एकट्या माणसाची अर्थव्यवस्था समजवायला क्रूसोला बोलावत आणि मार्क्सने 'भांडवल'मध्ये त्यांची त्यावरून चेष्टा केली. जेम्स जॉइसने १९१२ च्या व्याख्यानात क्रूसोला इंग्रज वसाहतवाल्याचा खरा नमुना ठरवले. जॉइस आयरिश होता, ज्याच्या देशावर इंग्रजांचे राज्य होते. कुठे बसून वाचता त्यावर काय दिसते ते ठरते. दक्षिण आफ्रिकेच्या कोएत्झीने १९८६ मध्ये 'फो' लिहिली, तिच्यात फ्रायडेला जीभच नाही.

महात्मा फुले यांनी क्रूसो वाचला होता की नाही, हा प्रश्न आम्ही सोडून देतो. १८७३ मध्ये त्यांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सत्पुरुषांना अर्पण केली. क्रूसो निघाल्यानंतर दीडशे वर्षांनी, पुण्यात बसून, समुद्रापलीकडच्या त्याच गुलामांशी नाते जोडणारा हा माणूस. आपल्या वाचनाची परंपरा इथून सुरू होते. तरी आपली पोरे रूसोच्या शेजारी जाऊन बसतात, कारण कोचिंगच्या प्रेरणादायी भाषणांत फुल्यांपेक्षा क्रूसोची भाषा जास्त ऐकू येते.

म्हणून त्या अकरा मतांतल्या 'स्वावलंबना'कडे वळू. क्रूसोने शून्यातून स्वर्ग उभारला, असे लिहिणाऱ्यांनी जहाजाचा हिशोब केलेला नाही. त्याने फुटक्या जहाजावर दहा-बारा फेऱ्या मारल्या आणि काय काय आणले? सुताराची पेटी, कुऱ्हाडी, बंदुका, बारूद, तांदूळ, चीज, शिडांचे कापड, शाई, बायबल, शिवाय एक कुत्रा आणि दोन मांजरी. पैसाही आणला, आधी त्याला शिव्या घालून. ज्या जहाजाचा तो माल, ते गुलामांच्या व्यापाराला निघालेले. याला शून्य म्हणायचे? वारशाने घर, शेती आणि ओळखी मिळालेला माणूस टीव्हीवर 'मी स्वतःच्या बळावर' म्हणतो तेव्हा आपण हसतो. मग इथे टाळ्या का?

जहाज नसलेल्या माणसाची गोष्ट आपल्याच तालुक्यात आहे. कळंबेश्वर. २०१६ चा दुष्काळ. बापूराव ताजणे यांच्या पत्नीला विहिरीवर पाणी नाकारले गेले, अपमान करून परत पाठवले. या मजूर माणसाने मालेगावला जाऊन अवजारे आणली आणि विहीर खणायला घेतली. रोजची आठ तासांची मजुरी सुटली नव्हती. तिच्या आधी चार तास आणि नंतर दोन तास खणणे. ना भूजलाची तपासणी, ना कुणाची मदत. घरचे आणि शेजारी म्हणत होते, याला वेड लागले. चाळीस दिवसांनी पाणी लागले आणि ते वस्तीतल्या सगळ्यांचे झाले. क्रूसोने बेटावर पाऊल टाकल्यावर आधी भिंत बांधली, कुंपण घातले, पुढे स्वतःला त्या मुलखाचा राजा म्हणवून घेतले. ताजणे यांनी खणलेल्या विहिरीला कुंपण नव्हते.

मग वर्तमानपत्रे आली, वाहिन्या आल्या. त्यांनी काय केले? त्यांचे नवे बारसे केले: महाराष्ट्राचा मांझी. दशरथ मांझींचा आम्हाला आदर आहे, गयेच्या त्या मुसहर मजुराने बावीस वर्षे डोंगर फोडला. पण माणूस समोर उभा असताना त्याला दुसऱ्याचे नाव का द्यायचे? आणि कौतुक कशाचे? जिद्दीचे! पाणी कुणी नाकारले, हा प्रश्न चार दिवसांत मागे पडला. ताजणे यांनी स्वतः त्या विहिरीच्या मालकाचे नाव सांगितले नाही, गावात भांडण नको म्हणून. ही त्यांची उदारता की भीती, यावर आम्ही मत देणार नाही. त्या गावात त्यांना राहायचे होते. पण ज्या देशात घटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता संपवली आहे, तिथे ते नाव शोधणे हे त्यांचे काम होते की शासनाचे? २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेब ओंजळभर पाण्यासाठी गेले नव्हते. सार्वजनिक पाण्यावरचा हक्क सांगायला गेले होते. एकोणनव्वद वर्षांनंतर आपण स्वतःची विहीर खणणाऱ्याला हार घालतो आणि हक्काची गोष्ट विसरतो. क्रूसोच्या वाचकाला हा फरक दिसत नाही, कारण त्याच्या गोष्टीत शेजारी नसतात, विहीर अडवणारा नसतो. सगळ्या अडचणी निसर्गाच्या. जिद्द हे त्या गोष्टीत पुरेसे औषध आहे.

आमच्या या म्हणण्यावर गावातल्याच एका निवृत्त गुरुजींनी हरकत घेतली. तीनशे वर्षांपूर्वीचे पुस्तक आजच्या फूटपट्टीने का मोजता? आदराने सांगतो, फूटपट्टी आजची नाही. १६८८ मध्ये, म्हणजे क्रूसो निघण्याच्या एकतीस वर्षे आधी, पेनसिल्व्हेनियातील जर्मनटाउन गावच्या क्वेकर पंथीयांनी गुलामीविरुद्ध लेखी निषेध केला होता. माणसे विकणे पाप आहे हे त्या काळीही कळत होते, ज्यांना कळून घ्यायचे होते त्यांना. आपल्याकडे चोखोबांनी विटाळाचा प्रश्न चौदाव्या शतकातच देवाच्या दारात विचारला होता. 'त्या काळी तसेच होते' असे म्हणताना आपण नेहमी मालकाचा काळ मोजतो.

दुसरी हरकत आपल्याच कार्यकर्त्यांची. दोघे तिघे म्हणाले, असे पुस्तक अभ्यासिकेत ठेवूच नका, काढून टाका. एक तर म्हणाला, मनुस्मृती जाळली ना बाबासाहेबांनी? जाळली, २५ डिसेंबर १९२७ ला महाडला. पण मनुस्मृती हा चालता कायदा होता. तिच्या नावाने पाणी अडवले जात होते, देवळे बंद होत होती. तो ग्रंथ बाबासाहेबांनी ओळ न ओळ वाचला होता. कादंबरी कुणाची विहीर अडवत नाही. तिचे चुकीचे वाचन अडवते, आणि त्यावर उपाय वाचनाचाच आहे. पुस्तक काढून टाकले असते तर त्या मुलीचा प्रश्न आम्हाला कुठून मिळाला असता? राजगृहात पुस्तकांचे घर बांधणाऱ्याचे आपण अनुयायी आहोत.

बेटाचा मोह काय असतो हे आपल्याला खेड्याच्या निमित्ताने चांगले कळायला हवे. इंग्रज अधिकारी मेटकाफने हिंदुस्थानच्या खेड्यांना छोटी स्वयंपूर्ण प्रजासत्ताके म्हटले. राज्ये आली, गेली, खेडे तसेच राहिले, म्हणून कौतुक. समुद्रातल्या बेटासारखे. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत घटनेचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी ते कौतुक उचलून बाजूला ठेवले आणि खेडे म्हणजे संकुचितपणाचे आणि अज्ञानाचे डबके आहे, असे स्पष्ट सांगितले. सभेतले कितीतरी सभासद त्यावर चिडले. त्यांना खेड्यात नंदनवन दिसत होते, कारण ते वाड्यात राहिले होते. बाबासाहेब वेशीबाहेरून पाहत होते. फ्रायडेने बेटाचे वर्णन लिहिले असते तर तेही असेच झाले असते.

आणि आपले काय? नोकरी लागली की पुण्याला किंवा नागपूरला फ्लॅट, दाराला जाड कुलूप, गावाच्या वर्गणीचा फोन आला की 'मीटिंगमध्ये आहे'. १८ मार्च १९५६ ला आग्र्याला शिकलेल्यांनी मला धोका दिला, हे बाबासाहेबांना सांगावे लागले ते कुणामुळे? पीएसआय होण्याचे स्वप्न लिहिणाऱ्या त्या पोराला आम्ही एवढेच विचारले, "बेट मिळालं की कुंपण घालशील का रे?" तो हसला. उत्तर दिले नाही. पोरगा हुशार आहे, लावेल हिशोब.

येत्या रविवारी सकाळी दहा वाजता विहारात झुरीला विकल्याचा आणि सैतानाच्या प्रश्नाचा असे दोन भाग मूळ पुस्तकातून मराठीत सांगून वाचणार आहोत. आमची संक्षिप्त प्रत चौदा हातांत फिरून खिळखिळी झाली आहे, मधली चार पाने निसटली आहेत. कुणाच्या घरी जुनी, न गाळलेली मराठी आवृत्ती असेल तर सोबत आणावी. सही करून घेऊ आणि परत करू. त्या विद्यार्थिनीने प्रतीच्या पहिल्या कोऱ्या पानावर आपला प्रश्न पेनाने लिहून ठेवला आहे आणि खाली बरीच जागा मोकळी सोडली आहे.

जय भीम.